घरच्या घरी स्पेन

६ जुलै, रविवार. सकाळी सहा वाजता मी गॅरेजमध्ये उकिडवी बसून कूलरमध्ये बर्फ भरत होते. खाली बर्फ, त्यावर दह्याचे दोन डबे, त्यावर धपाटे आणि सगळ्यात वर दाण्याची चटणी, कारण गाडी कॉलनीच्या फाटकाबाहेर पडायच्या आत नवऱ्याला भूक लागते. ह्यूस्टनजवळच्या आमच्या शुगर लँडची जुलैतली हवा पहाटेसुद्धा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटते. कूलरचं झाकण बसत नव्हतं. मी त्यावर बसले. मग बसलं.

खरं तर आम्ही स्पेनला जाणार होतो. खऱ्या स्पेनला. तोलेदो, ग्रॅनडा, मग भाड्याची गाडी घेऊन डोंगरातली पांढरी गावं. दोन वर्षं मी नकाशे बघत होते. मे महिन्यात नवऱ्याने भाताचा दुसरा घास घेता घेता जाहीर केलं, की स्पेन इथेच आहे.

"सॅन अँटोनिओ स्पॅनिश, एल पासो स्पॅनिश, सांता फे तर चारशे वर्षांचं स्पॅनिश. वर डोंगरात गावंही आहेत. घरची गाडी, घरचं जेवण, आणि पासपोर्ट नको."

"बरोबर," मी म्हटलं. "ताजमहालही बघायला नको मग. देवळाच्या हॉलमधल्या कॅलेंडरवर आहे."

त्याला वाटलं, मी होकार दिला.

खरं कारण मला ठाऊक होतं. आमची मुलगी अठ्ठावीस वर्षांची, जूनअखेर तिची फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी संपली. ह्यूस्टनमधल्या एका मोठ्या हॉस्पिटलने तिला घ्यायची तयारी दाखवली होती. पण तिला जायचं होतं सांता फेच्या वर, डोंगरातल्या एका खेड्यातल्या तीन खोल्यांच्या दवाखान्यात. तिथे दोन वर्षं कायमचा डॉक्टर नव्हता. त्या लोकांनी तिला शुक्रवार संध्याकाळी पाचपर्यंत मुदत दिली होती. त्यानंतर ते दुसऱ्या कुणाला विचारणार होते. म्हणजे नवऱ्याकडे पाच दिवस होते. घरात मुलगी खोलीचं दार लावून घेते. गाडीत ताशी सत्तर मैलांच्या वेगाने माणूस कुठे जाणार? स्पेन त्यासाठी रद्द झालं आणि न्यू मेक्सिको मंजूर झालं. दवाखाना प्रत्यक्ष बघितला की पोरगी आपोआप शुद्धीवर येईल, असा त्याचा हिशोब.

यात माझाही एक गुन्हा आहे, तो सांगून टाकते. ह्यूस्टनच्या हॉस्पिटलचा फोन आला, त्या दिवशी नवरा ऑफिसमधून आला तो थेट स्वयंपाकघरात. "झालं! पेढे कर." मी केले. मिल्क पावडर, कंडेन्स्ड मिल्क, मायक्रोवेव्हमध्ये दोन-दोन मिनिटं, मधे ढवळायचं, वर केशर. चाळीस घरांचे. मी सरकारी शाळांच्या एका डिस्ट्रिक्टमध्ये इमारतींच्या देखभालीचं काम बघते. छत गळतंय असा कुणाचा फोन आला तर शिडी लावून स्वतः बघितल्याशिवाय मी कागदावर सही करत नाही. इथे ज्या मुलीची नोकरी, तिला एक फोनसुद्धा न करता मी सरळ पेढे वळले. रविवारी मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ते वाटले. सोमवारी मुलीने सांगितलं की तिने अजून कुणालाच हो म्हटलेलं नाही.

"मग परत मागू का पेढे?" नवरा म्हणाला होता. त्याच्या मते हा बिनतोड मुद्दा होता.

तर आम्ही निघालो. नवरा गाडी चालवत होता, मी शेजारी आणि मुलगी मागे कूलरला टेकून. सॅन अँटोनिओला तीनशे वर्षांची दगडी चर्च आहेत, पाद्र्यांनी बांधलेली, भोवती कोट, आत विहीर, शेताला पाणी न्यायला दगडी पाट. फार देखणी आहेत. मला ती शांतपणे बघायची होती. पण आमच्याबरोबर गाइड होता.

"बघ," नवरा मुलीला म्हणाला, "एवढ्या लांबून आले बिचारे, आडगावात येऊन बसले. शेवटी काय झालं?"

"काय झालं?"

"कंटाळून गेले सगळे."

"बाबा, दॅट इज नॉट व्हॉट द बोर्ड सेज."

"बोर्डावर कसं लिहितील!"

दुसऱ्या दिवशी एल पासोपर्यंत आठ तास. बाहेर बघण्यासारखं म्हणजे तेलाचे पंप, मग काही नाही, मग पुन्हा तेलाचे पंप. एवढ्या वेळात त्याने हिवाळ्यातले घाटरस्ते, डोंगरातले वणवे, अस्वलं, आणि लग्नाच्या वयात आसपास एकही बरा मुलगा नसणं, हे सगळे विषय क्रमाने घेतले. अस्वलांवर तो जास्त वेळ रेंगाळला, कारण लग्नाच्या विषयावर तिने हेडफोन लावले.

पेकोस नदीच्या अलीकडे कुठेतरी तिने ते काढले आणि मराठीत म्हणाली, "बाबा, तुझा हात."

नवऱ्याचा डावा हात कोपरापासून किंचित वाकडा आहे. मराठवाड्यातल्या त्याच्या गावात तो नऊ वर्षांचा असताना झाडावरून पडला. डॉक्टर चौदा किलोमीटरवर. बैलगाडीतून नेलं तर डॉक्टर लग्नाला गेलेला. मग गावच्या हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या आणि हाड जसं जुळायचं तसं जुळलं. ही गोष्ट त्याने ह्यूस्टन परिसरातल्या प्रत्येक मराठी घरात निदान एकदा तरी सांगितलेली आहे. बैलगाडी दर वर्षी थोडी हळू होते.

"हाताचं काय?"

"तिकडे डॉक्टर असता तर?"

"म्हणूनच तर!" तो इतक्या जोरात म्हणाला, की गाडी लेनमधून जराशी सरकली. "म्हणूनच बाहेर पडलो ना मी. तू परत आत जायला निघालीस?"

मी धपाटे काढले.

एल पासोला आम्ही नवऱ्याच्या कॉलेजातल्या ज्युनिअरकडे उतरलो. हॉटेलं ओस पडलेली असली तरी आपण ओळखीच्यांकडेच उतरतो. यजमानीणबाई दारातच मुलीच्या गळ्यात पडल्या.

"काँग्रॅच्युलेशन्स गं डॉक्टर! ह्यूस्टन!"

"थँक यू काकू, पण मी अजून हो नाही म्हटलंय."

"अगं असं काय! पेढ्यांचा फोटो आला की आम्हाला!"

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. फोटो मी काढला नव्हता, पण पेढे सुबक वळले गेले होते हे खरं. जेवताना यजमान नवऱ्याला म्हणाले, "यार, मग आता हॉस्पिटलच्या जवळच घर बघणार असशील तिच्यासाठी?" नवरा आमटीत बघत "हं" म्हणाला. मुलीने भात वाढून घेतला. खाली मान घालून जेवणाऱ्या दोघांचा चेहरा इतका सारखा असतो हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्याचा त्या वेळी उपयोग काहीच नव्हता.

तिथून मेसिया. तिथला जुना चौक दहा मिनिटांत बघून झाला आणि मिरच्यांच्या माळांसमोर तिघांचा फोटो चाळीस मिनिटांत. मग सांता फे. समुद्रसपाटीला राहणाऱ्या माणसांनी सात हजार फुटांवर जिना चढू नये, हे आम्ही जिना चढल्यावर शिकलो. सांता फे अख्खं मातीच्या रंगाचं आहे. बँक मातीच्या रंगाची, पार्किंगची इमारत मातीच्या रंगाची, कॉफीचं दुकानही. तसा नियमच आहे म्हणे. गोल कोपरे, सपाट छप्पर, भिंतीतून बाहेर आलेली लाकडी वाशांची टोकं. लोक लांबून येऊन हे बघतात आणि हळू आवाजात बोलतात.

नवऱ्याने एका हॉटेलच्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. "सिमेंट."

"असू दे की."

"वरून रंग दिलाय. माती कुठाय यात?"

पुढच्या भिंतीवरही टकटक. त्याच्या पुढच्याही. दोन दिवस माझा नवरा सांता फेच्या ऐतिहासिक भागात भिंती वाजवत फिरत होता. माळवदाच्या घरात तो वाढला, मातीच्या भिंती, वर पांढऱ्या मातीचं छप्पर. पुण्याला कॉलेजात आल्यावर पहिली दोन वर्षं त्याने घर कसं आहे हे कुणाला सांगितलं नव्हतं. आता त्याच घराची नक्कल बघायला जगभरचे लोक आले होते, आणि नक्कल चांगली जमली नाही म्हणून हा रागावला होता.

मुलगी एकटी सापडली तेव्हा मी विचारलं, "तुझं नक्की ठरलंय?"

"हो."

"मग हो का नाही पाठवत?"

"त्याने एकदा बघावं. मग पाठवते. आय डोन्ट वॉन्ट टू डू इट बिहाइंड हिज बॅक."

आमच्या घरात एकमेकांच्या पाठीमागे काहीही करायची पद्धत नाही, सगळं तोंडावर आणि मोठ्याने होतं. तरी मला ते बरं वाटलं.

शुक्रवारी सकाळी डोंगराकडे निघालो. रस्ता वर चढत गेला. पाइनची झाडं आली, मग एक गाव, मग वळणं, मग दुसरं गाव. माझा फोन आधी गेला, मग मुलीचा. नवऱ्याच्या ऑफिसच्या फोनवर मात्र दोन काड्या दिसत होत्या. त्याला या गोष्टीचा अभिमान वाटला, जणू टॉवर त्यानेच उभारला होता. तो फोन घरच्या कामाला वापरायचा नाही, हा त्याचा कडक नियम.

साडेअकराला दवाखान्यात पोचलो. शुक्रवारी तो बाराला बंद होतो. नर्सबाईंनी तीन खोल्या दाखवल्या, कॉफी दिली आणि कुलूप लावून दुसऱ्या गावच्या पेशंटकडे निघून गेल्या. मी छत बघितलं. एका कोपऱ्यात जुना डाग होता, पण कोरडा. नवऱ्याने एक्स-रेचं मशीन कुठे आहे विचारलं. नव्हतं. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू खटला जिंकला.

ठरलं असं होतं, की दोनला निघायचं, तीनपर्यंत खाली सांता फेत, आणि मग तिने काय ते पाठवायचं. गाडीकडे जाताना वाटेत गावचं चर्च लागलं. लहानसंच, मातीचं. आणि खरोखर मातीचं. पंधरा-वीस गावकरी त्याच्या भिंती लिंपत होते. उन्हाळ्यात सगळं गाव मिळून हे काम करतं. एका बाजूला मातीचा ढीग, पाण्याचा पाइप, भुशाचे भारे. सूत्रं एका म्हातारीच्या हातात होती. डोक्यावर गवती हॅट, पायात रबरी बूट, आणि हातात थापी, जी ती माणसांकडे रोखायला जास्त वापरत होती.

नवरा थांबला. त्याने टकटक केलं नाही. चिखलाच्या खड्ड्याशी जाऊन त्याने चिमूटभर उचलला, बोटांत चोळला आणि मला मराठीत म्हणाला, "भुसा कमी आहे."

"आपलं काय जातंय?"

"भेगा पडतील ना वाळल्यावर! आणि माती मुरलेली नाही. कालच भिजवली असणार."

म्हातारीने इंग्रजीत विचारलं, "तुम्ही सरकारकडून आलात का?"

"नाही. टेक्सासमधून."

"मग तर काहीच सांगू नका," ती म्हणाली. आजूबाजूचे हसले.

याने सांगितलंच. भुसा किती हवा, तो कसा बारीक हवा, चिखल फावड्याने नाही पायाने कालवायचा. ती म्हणाली, ती साठ वर्षं या भिंती लिंपतेय. हा म्हणाला, त्याची आई दर वर्षी लिंपायची आणि तो चिखल तुडवायचा. ती म्हणाली, मग तुडवा की, तोंडाने कुठे तुडवतात? तोंडाने कामं करणाऱ्या माणसाशी मी एकतीस वर्षं संसार केला, मला हे वाक्य कधी सुचलं नाही.

त्याने बूट काढले. मोजे नीट घडी करून बुटात घातले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खड्ड्यात उतरला. पंचावन्न वर्षांचा पाइपिंग इंजिनिअर, कंपनीचं बोधचिन्ह असलेला शर्ट घालून.

दोन वाजले. तो तुडवतच होता. अडीचला तो भिंतीकडे सरकला आणि म्हातारीच्या शेजारी उभा राहून हाताने गिलावा द्यायला लागला. वाकडा हात खालून वर छान फिरत होता, असं कबूल करायला हरकत नाही. तीन वाजले. म्हातारीने सगळ्यांना बीन्सचे रोल आणून दिले; मी गाडीतून उरलेले धपाटे दिले, ते लगेच संपले. बोलता बोलता तिने मला सांगितलं, की तिच्या मागच्या अंगणात एक खोली आहे, आधीच्या डॉक्टरीणबाई तिथेच राहायच्या.

साडेतीनला मुलगी माझ्याजवळ आली. तिचे कान लाल झाले होते. "आई, ही इज स्टॉलिंग."

"मुद्दाम वेळ काढत नसेल गं."

"खाली जायला तास लागतो. चारनंतर निघालो तर पाच वाजून जातील. ही नोज दॅट."

मी नवऱ्याकडे गेले. "निघायचं का?"

"हा कोपरा झाला की."

"कोपरा गेली तीनशे वर्षं थांबलाय."

"ओला-कोरडा जोड ठेवला तर तिथूनच पडतं गं," तो म्हणाला, आणि माझ्याकडे वळलाच नाही.

मला वाटलं, मुलीचं खरं आहे. चार वाजले. सव्वाचार. मुलगी चर्चच्या फाटकाजवळ स्वतःचा फोन डोक्यावर धरून उभी होती, तो खाली करत होती, पुन्हा वर. एकदाही तिने त्याला हाक मारली नाही. गाडीच्या किल्ल्या नवऱ्याच्या खिशात होत्या. मी मनातल्या मनात वाक्य तयार करत होते. ते वाक्य एकतीस वर्षांतलं सगळ्यात वाईट वाक्य होणार होतं आणि मी ते मंडळातल्या सगळ्यांसमोरही म्हणायला तयार होते.

साडेचारला त्याचा कोपरा झाला. तो दोन पावलं मागे आला, भिंतीकडे बघितलं, मग आभाळाकडे, मग फाटकाकडे. दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले होते, ते अंगापासून लांब धरून तो तिच्याकडे चालत गेला. मीही मागोमाग.

"किती वाजले?"

"फोर थर्टी टू," ती म्हणाली. "वी मिस्ड इट, बाबा. काँग्रॅच्युलेशन्स."

तो माझ्याकडे वळला. मग मला म्हणाला, "माझ्या उजव्या खिशात फोन आहे. काढ."

मी काढला.

"हॉटस्पॉट लावून दे तिला. बॅटरी बारा टक्के आहे, लवकर आटपा."

मुलीने स्वतःचा फोन खाली केला.

"मला हे मान्य नाही," तो म्हणाला. "एक्स-रेसुद्धा नाही इथे. मी सगळ्यांना काय सांगणार आहे ते मला माहीत नाही. पण मुदत हुकली म्हणून राहिलं, असं नको. नाही म्हणायचं तर तू म्हण." मग म्हणाला, "सही करायच्या आधी कराराची सगळी पानं वाच. सोडायचं झालं तर नोटीस किती दिवसांची आहे ते बघ."

"बाबा, तू मुद्दाम उशीर करत होतास?"

"आधी हो," तो म्हणाला. "नंतर तो कोपरा खरंच राहिला होता."

ती चर्चच्या ओट्यावर बसली. सगळी पानं तिने खरोखर वाचली. मी शेजारी उभी राहून बॅटरीचा आकडा वाचत होते. पाचला नऊ मिनिटं कमी असताना तिने सही पाठवली. नोटीस नव्वद दिवसांची होती. हे ऐकून नवऱ्याने मान हलवली, की ठीक आहे, आणि पाइपखाली हात धुवायला गेला. म्हातारी तिथेच थापी धूत होती.

"तुमची मुलगी येणार?" तिने विचारलं.

"येणार म्हणते."

"मग पुढच्या वर्षी तुम्ही पण या. माती आधी भिजवून ठेवते."

"आठ दिवस आधी," तो म्हणाला. "कमीत कमी."

रात्री सांता फेला जायच्या ऐवजी आम्ही शेजारच्या गावातल्या मोटेलमध्ये उतरलो, कारण त्याला गाडीचे पेडल दाबवत नव्हते आणि घाटात तो स्टिअरिंग आम्हाला देईना. लोकांना काय सांगायचं, याची चर्चा त्याने पलंगावर आडवं पडून सुरू केली आणि उत्तर यायच्या आत घोरायला लागला. मीच फोन घेतला आणि मोटेलच्या वायफायवरून मंडळाच्या ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या: नोकरी कुठली, कधीपासून. घाईने पेढे वाटले ही चूक आमची, असंही लिहिलं. अकरा जणांनी लगेच अंगठा पाठवला. एका काकूंनी विचारलं, की तिथे भाजी मिळते का.

शनिवारी सकाळी नवऱ्याला पलंगावरून उठवत नव्हतं. त्याच्या कमरेला बाम चोळून दिला, त्याला आणि मुलीला झोपू दिलं, आणि गाडी घेऊन मी एकटी वर गावात गेले. म्हातारीने खोली उघडून दिली. मी सगळे नळ सोडले. गरम पाणी यायला चार मिनिटं लागली, ते तिला दाखवलं. कमोडचा फ्लश दोनदा ओढून बघितला. खिडक्या तीन, त्यांची मापं पाकिटाच्या मागे लिहून घेतली. पलंगाखाली टॉर्च मारला, उंदराच्या लेंड्या नव्हत्या. लाकडाच्या शेगडीचं धुराडं वाकून तपासलं, तर वरच्या तोंडाला जाळी नव्हती. सप्टेंबरच्या आत ती बसवून घ्या, म्हणून मी सांगितलं, आणि तिने लिहून घेईपर्यंत तिथेच उभी राहिले.